फळीवरची बाई

पुणे, ३ नोव्हेंबर २०२५

चि. यशोधरा हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि. फोनवर तू वाद घालतेस, म्हणून पत्र. ऊसतोडीवर केलेला तुझा गेम पाहिला. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं, ही कल्पना झकास! पण चित्र इतकं भुरकट, की ऊस आहे की कडबा तेच कळेना. आमच्या कंपनीत नोकरी हवी ना? मग साहेबांना असलं दाखवून चालणार नाही. मी रेझोल्यूशन वाढवलंय, आता पान न् पान दिसतं. वीस तारखेपर्यंत हाच पाठव. हट्ट नको. आईच्या गुडघ्याला जप.

तुझ्या काळजीतला,
सम्राटदादा

शेवगाव, १४ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
यशोधराचा जयभीम. पत्रास कारण, तू सुधारलेला गेम मी आईच्या जुन्या मोबाईलवर चालवला. चित्र देखणं, पण फ्रेम रेट सेकंदाला जेमतेम पंधरा चित्रांवर आला. आई बोट टेकवायची आणि फळीवरच्या बाईचं पाऊल उशिरा पडायचं. नऊ वेळा ती कोसळली. आई भडकलीच. म्हणाली, की बारा हंगाम मी फळी चढले, एकदाबी पडले न्हाई, आन् हा डबा मला पाडतोय व्हय!

मग मी चित्राला कात्री लावली. पानं गेली, आभाळ गेलं, बाईचा चेहराही गेला. आता सेकंदाला साठ चित्रं पळतात. आईनं अख्खा ट्रक भरला आणि वर मला चहा करायला लावला.

तेव्हा रेझोल्यूशन तुझं तुला लखलाभ. चित्र भुरकट असलं तर डोळ्यांना खुपतं, एवढंच. पाऊल उशिरा पडलं तर आई खोटी ठरते. तिला पाडून मिळणारी नोकरी मला नको. माझाच गेम साहेबांना पाठवलाय. रागव खुशाल, पण बोलणं सोडू नकोस.

तुझी हट्टी,
यशोधरा

पुणे, २५ नोव्हेंबर २०२५

चि. यशोधरा हिस,
जयभीम. साहेबांनी गेम नाकारला. नोकरीचं आता विसर. माझं ऐकलं नाहीस, याचा राग आहेच.

मीटिंगमध्ये तो मोठ्या पडद्यावर लावला, तेव्हा सगळे हसले. या बाईला साधा चेहराही नाही, असं साहेब म्हणाले. इथे सहा वर्षं झाली, पण आई काय करायची, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटायची, खोटं कशाला बोलू? काल मात्र राहवलं नाही. मी उभा राहिलो आणि सांगितलं, की ती माझी आई आहे.

एवढं तिला वाचून दाखव. माझ्यावरची माया कमी करू नका.

तुमचा,
सम्राट