शेवटचं पान वाळवीने खाल्लं, त्याबद्दल

तीर्थस्वरूप शेवंताताईस,

करी रोडहून, चौदाव्या मजल्यावरून, तुझा धाकटा भाऊ सीताराम याचा वाकून नमस्कार (गुडघे जेवढे वाकतात तेवढाच, बाकीचा मनातून). इथे माझं बरं चाललंय. ब्लडप्रेशर डॉक्टरांच्या मते जास्त आहे, माझ्या मते डॉक्टरच जास्त आहेत. तुझे गुडघे, तुझी कोंबडी आणि तुझ्या डोळ्यातला मोतीबिंदू यांची खुशाली कळवावी. फोन केला असता, पण फोनवर तुला फक्त सोयीचं ऐकू येतं. म्हणून पत्र.

पत्राचं कारण हेच की, तू चौदा तारखेच्या आठवड्यात ऑपरेशनसाठी मुंबईला येणार आहेस, तो बेत एक महिना पुढे ढकलावास. आमची लिफ्ट बंद आहे, आणि चौदा मजले चढून आलीस तर डोळ्याआधी हृदयाचं ऑपरेशन करावं लागेल. पाणी दिवसाआड येतं. खाली रस्ता खणून ठेवलाय. शिवाय तो डोळ्याचा डॉक्टर नेमका त्याच आठवड्यात सुट्टीवर जातोय (असं मी ऐकलं). तेव्हा घाई करू नकोस.

आता इकडची हकीकत सांगतो. मी या वयात मास्तर झालोय, हसू नकोस. शेजारची अनुजा कॉलेजात मराठी घेऊन शिकते. त्यांना आपलं ते जुनं किल्लेदाराचं शोकांत नाटक अभ्यासाला नेमलंय. आपल्या डिलाईल रोडच्या चाळीच्या मंडळाने सात वर्षं केलं, तेच. ही मुलं इंग्रजी शाळेतली. ‘वेढा’ म्हणजे काय विचारलं तर मयूर म्हणाला, ट्रॅफिक जॅम. (विचार केल्यावर मला ते फारसं चूक वाटेना.) अनुजाने कुठूनसं ऐकलं की आजोबा या नाटकाचे प्रॉम्प्टर होते. झालं, रविवारी सकाळी सहा पोरं माझ्या खोलीत, चटईवर, आणि मी पत्र्याच्या पेटीतून माझी जुनी प्रत काढून वाचायला बसलो.

तुला म्हणून सांगतो, मला फार बरं वाटलं गं. आयुष्यभर विंगेत बसून दुसऱ्यांच्या तोंडात शब्द घातले, पहिल्यांदाच कुणी माझ्याकडे तोंड करून बसलं होतं. मी त्यांना आपल्या नानाची गोष्ट सांगितली. नाना किल्लेदार व्हायचा, आवाज कसा खणखणीत, पण पाठांतराच्या नावाने शून्य. प्रॉम्प्टिंगमधून जे येईल ते बोलायचा. एकदा मी विंगेतून हळूच म्हटलं, ‘नाना, मिशी सुटली’, तर त्याने तलवार उपसून सगळ्या प्रेक्षकांना ते ऐकवलं. पोरं लोळून हसली. शोकांत नाटक शिकवताना मुलांना हसवणं बरोबर की चूक ते मला माहीत नाही, पण पुढच्या रविवारी सहाची नऊ झाली.

मग कॉलेजची परीक्षा झाली. दहा मार्कांचा प्रश्न होता, नाटकाचा शेवट लिहा आणि तो शोकांत का आहे ते सांगा. नऊच्या नऊ जणांनी लिहिलं की किल्ल्याला वेढा पडलेला, दार उघडायचं नाही असा राजाचा हुकूम, किल्लेदाराचा जखमी मुलगा दाराबाहेरून बापाला हाका मारतोय, आणि बाप शेवटी हुकूम मोडतो, म्हणतो, ‘दार उघडा’. मुलगा आत येतो, वाचतो. शोकांत का, तर किल्लेदाराची नोकरी जाते. नवांनाही शून्य. बाईंनी अनुजाच्या पेपरवर लाल शाईने विचारलं, हे नाटक कुठे पाहिलंत?

छापील पुस्तकात बाप म्हणतो, ‘दार उघडू नका’. मुलगा बाहेर मरतो आणि पडदा पडतो. मुलांनी पुस्तक विकत घेतलं होतं, पण शेवटचा अंक वाचलाच नव्हता. आजोबांनी सांगितलंय म्हटल्यावर वाचायचं कशाला? माझ्या प्रतीचं शेवटचं पान पूर्वी कधीतरी वाळवीने खाल्लं होतं, मी त्यावर कागद चिकटवून आठवणीने शेवट लिहिला होता, तो चुकला. मुलांना हेच सांगितलं, तुलाही हेच सांगतो.

बाईंनी मोठ्या मनाने तोडगा काढला. मुलांनी नाटकाचं जाहीर वाचन करावं, त्याचे मार्क मिळतील. ते आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये चौदा तारखेला, सकाळी अकराला आहे. किल्लेदाराचे संवाद मलाच वाचायला लावलेत. असो. तू तब्येतीला जप. कुळथाची पिठी पाठवू नकोस, तू महिन्याने येशील तेव्हा घेऊन ये.

तुझा,
सीताराम

ता. क. वाळवीचं खोटं आहे.

तुझा उत्तम कावीळ होऊन गेला त्याला तेव्हा दहा महिनेही झाले नव्हते. नऊ वर्षांचं पोर. तू त्या दहा महिन्यांत एकदाही रडली नव्हतीस, भावोजी काळजीत होते. गणपतीतल्या प्रयोगाला तू पहिल्या रांगेत येऊन बसलीस आणि विंगेतून मला दिसलीस. शेवटच्या प्रवेशात मुलगा दाराबाहेरून ‘बाबा, बाबा’ करत होता, नाना माझ्या शब्दाची वाट पाहत होता, आणि माझ्याने पुस्तकातलं वाक्य म्हणवलं नाही. मी म्हटलं, ‘दार उघडा’. नानाने तेच खणखणीत ऐकवलं. दार उघडायचं नव्हतंच, म्हणून ते खिळ्यांनी ठोकून बसवलेलं होतं. दोन शिपायांनी अख्खं दार उचलून बाजूला ठेवलं. मुलगा हाका संपवून मागे मरायच्या तयारीत विडी ओढत होता, तो विडीसकट बापाच्या गळ्यात पडला. टाळ्या थांबेनात. पुढे सगळे प्रयोग तसेच झाले, आणि तो कागद मी त्याच आठवड्यात चिकटवला. तू बाहेर भेटलीस तेव्हा एवढंच म्हणालीस, “बरां झालां नाटक. चल, घराक जावया.” मला वाटलं, मी तुला वाचवलं. पंचेचाळीस वर्षं मला तसंच वाटत आलं. चौदा तारखेला मला छापलेलं वाचावं लागणार, आणि तू समोर असलीस तर ते मला जमणार नाही. म्हणून येऊ नकोस म्हटलं.

आणखी एक ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा उघडलं. आज मुलांना खरं काय ते सांगून टाकलं. अनुजा बराच वेळ चटईच्या काड्या उपसत बसली, मग म्हणाली, “आजोबा, तालमी कुठे व्हायच्या?” मी म्हटलं, ताईच्याच खोलीबाहेर, गॅलरीत, दोन महिने. किल्लेदाराचा अंगरखासुद्धा तिनेच शिवला. “म्हणजे त्यांना शेवट माहीत होता,” ती म्हणाली. “मग त्या कशाला आल्या होत्या?”

ताई, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नाही. तुला शेवट तोंडपाठ होता. तो मुलगा मरणार हे माहीत असून तू पहिल्या रांगेत येऊन बसलीस. सगळा मांडव रडला असता आणि त्यात तुलाही रडता आलं असतं, कुणी काही विचारलं नसतं. मी ते तुझ्याकडून काढून घेतलं आणि वर टाळ्या ऐकत बसलो. मला माफ कर.

तो कागद आज वाफेवर धरून सोडवला. खालचं पान शाबूत आहे. वाचताना माझा आवाज बसला तर बसू दे, अनुजा प्रॉम्प्ट करणार आहे, तिला बजावलंय की पुस्तकात आहे तेच सांगायचं. पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची तुझी. पिठी घेऊन ये. डॉक्टर सुट्टीवर नाही, पाणी रोज येतं, आणि लिफ्ट चालू आहे.