सासूबाईंनाही रडू येतं

रत्नागिरी, आषाढ वद्य पंचमी, शके १८५३

आज पुन्हा रडू आलं. कारण काहीच नाही. ऊन पाहून किती दिवस झाले, लुगडी वाळता वाळत नाहीत. हे म्हणतात, "तू सोलापूरची, होईल सवय." खरंच होईल?

संध्याकाळी सासूबाई माझं ओलं लुगडं चुलीच्या उबेला धरून बसल्या होत्या. माझे डोळे पाहून हळूच म्हणाल्या, "मी तर इथलीच गो. तरी अशा अंधारलेल्या दिवसांत मलाही उगाच रडू येतं. कधी कोणाला सांगितलं नाही."

एवढी करारी बाई, आणि... त्यांनी निखाऱ्यात भाजलेली फणसाची आठळी सोलून माझ्या हातावर ठेवली.

"तुला कधी येतं?"

"तिन्हीसांजेला."

"मग तेव्हा इथे माझ्याजवळ येऊन बसत जा."