गेटबाहेरचे तीन तास

सर, मी निमोण्याची. शिरूरच्या ज्युनियर कॉलेजात तुमच्या किमान कौशल्याच्या वर्गात, इलेक्ट्रिकलला, दोनच मुली होत्या. त्यातली खिडकीकडची मी. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमचा चेहरा आठवायला डोळे मिटावे लागतात, आणि मिटले तरी आधी चेहरा येत नाही, फळा येतो. तुम्ही दौंडहून सकाळच्या एसटीनं यायचात. बाहीवर रस्त्याची धूळ तशीच असायची. हजेरी राहून जायची आणि तुम्ही एका दमात विजेच्या मोटारीची आकृती काढायचात. बाहेरचा गोल, आतला गोल आणि दोहोंमधली बोटभरसुद्धा नसलेली फट. खडू त्या फटीवर ठेवून म्हणायचात, "सगळा खेळ ह्या रिकाम्या जागेत आहे." मी ते वाक्य वहीत सुबक अक्षरात उतरवलं होतं. कळलं काहीच नव्हतं. खिडकीतून बाजाराकडे जाणाऱ्या गाड्या दिसायच्या आणि मला वाटायचं, मोटार म्हणजे खडूची असते, डस्टरनं पुसली की संपते.

मग एका शनिवारी तुम्ही वर्गाला कुलूप लावलंत आणि आम्हा एकोणीस जणांना एसटीत घालून थेट निमोण्यालाच आणलंत. एका बागायतदार आबांच्या विहिरीवरची मोटार जळली होती. माझ्या गावात, माझ्या ओळखीच्या रानात, आणि मी अशी लाजलेली की बांधावरून चालताना वर बघतच नाही. आमच्या बौद्धवाड्यातल्या बायका त्याच रानात खुरपायला जायच्या. त्या दिवशी आईही कांद्यात होती. विहीर आम्ही रोज लांबून पाहायचो, पण मोटारीच्या खोलीत पाय टाकायचं आमचं कधी कामच पडलं नव्हतं. तुम्ही मोटार उघडलीत, काळी पडलेली कॉइल बाहेर काढलीत आणि म्हणालात, "वास घ्या." एकेकानं वाकून घेतला. जळलेल्या वार्निशचा, कडवट आणि खाली कुठंतरी गोडसर. "हा वहीत मावत नाही," तुम्ही म्हणालात, "म्हणून इथं आणलं." मग पान्हा माझ्या हातात दिलात.

आबा दारात उभे होते. "मास्तर, ह्या पोरीला येतंय व्हय हे?"

"येत न्हाई आबा, म्हणूनच तर आणलीय."

आबा हसले. मी बोल्ट फिरवते आहे, तो फिरत नाही, मी दोन्ही हात लावते, तो कुरकुरतो आणि सुटतो. बाहेर कांद्याच्या वाफ्यात आई खुरपं हातात धरून सरळ उभी राहिली आहे, वाऱ्यानं तिचा पदर एका बाजूला उडतो आहे. तेवढंच. पण त्या दिवसापासून मला सरपण आणायला पाठवणं बंद झालं. "तू तुझं वाच," एवढंच म्हणाली.

शिक्रापूरच्या कारखान्याचं मात्र मला आजही नीट सांगता येत नाही. परवानगीसाठी तुम्ही चार महिने पत्रं लिहीत होतात. भाड्याचा टेम्पो केला, पहाटे निघालो. हायवेवर ट्रकांची रांग, धुक्यात त्यांचे दिवे पिवळे, पाण्यात बुडाल्यासारखे. वर्गातली दुसरी मुलगी, माझी मैत्रीण, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून अर्धवट झोपेत म्हणत होती, "आपुन हितंच नोकरी करायची गं. डबा घ्यायचा आन् ह्याच रस्त्यानं यायचं." गेटवर ऑफिसातला एक माणूस आला, त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, मुलींना आत मशीनींच्या शॉपवर सोडता येणार नाही, ओढणी मशीनमध्ये जाते, जबाबदारी कोण घेणार. तुम्ही म्हणालात, ओढण्या काढून ठेवतील. तो म्हणाला, नियम आहे. तुम्ही एकदा आमच्याकडे पाहिलंत, एकदा सतरा मुलांकडे, एकदा घड्याळाकडे. मग हळूच म्हणालात, "बसा इथं. आलोच."

तुम्ही तीन तासांनी आलात. वॉचमन बिहारचा होता. "बैठो बेटी, धूप में मत खड़ी रहो," म्हणून त्यानं त्याची केबिन दिली, चहा दिला. आतून एक घुमणारा आवाज सारखा येत होता, जमिनीतून तळपायात चढणारा. मी डोळे मिटून त्या आवाजाला आकार द्यायचा प्रयत्न करत राहिले. मोठं चाक असेल, की पुष्कळ लहान चाकं? मैत्रीण ओढणीच्या टोकाला गाठ मारत होती आणि सोडत होती. परतताना टेम्पोत मुलं पाहिलेलं सगळं एकमेकांना सांगत होती, आमच्याकडे नजर गेली की गप्प होत होती. तुम्ही पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होतात. एकदाही मागं वळला नाहीत.

मी चार दिवस कॉलेजला आले नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी तुम्ही आमच्या दारात. वडील गवंडीकामावरून नुकतेच आले होते, हातापायांना सिमेंट तसंच. त्यांनी घाईनं घोंगडी अंथरली. तुम्ही बसलात, पाणी प्यालात आणि वडिलांकडे नाही, माझ्याकडे पाहून बोललात. "माझी चूक झाली. तिथून सगळ्यांना घेऊन परत फिरायला पाहिजे होतं. चार महिन्यांनी मिळालेली परवानगी हातची जाईल म्हणून भ्यालो."

वडील कासावीस झाले. "सर, आसं नका बोलू. गुरुजीनी कवा माफी मागायची आस्ती व्हय?"

"चुकलं तर मागायची असते, दादा."

मग म्हणालात, "दुसरीच्या घरीपण जाऊन आलो. आता कॉलेजला पाठवणार नाही म्हणाले. तिचं लग्नाचं बघायला लागलेत." ते सांगताना आवाज खाली गेला होता. चुलीवर भाकरी करपल्याचा वास आला, आई उठली नाही. मी एवढंच विचारलं, "सर, आत आवाज कसला होता?" तुम्ही घोंगडीवर बोटानं काढून दाखवायला लागलात आणि मध्येच थांबलात. "सांगून नाही," म्हणालात, "दाखवूनच."

दौंडची सहल महिनाभरात झाली. रेल्वेत डब्यांच्या दिव्यांचं काम करणारे एक मामा तुमच्या ओळखीचे होते. या वेळी तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं की वर्गात मुलगी आहे, आणि यार्डाच्या वाटेला लागताच मुलांना थांबवून म्हणालात, "आधी ही." मी पुढं, मागून सतरा मुलं, त्यांच्या मागं तुम्ही. दुपारची वेळ. रुळांवरून उन्हाची वाफ हलते आहे, लांबचे डबे पाण्यातल्यासारखे डुलतात. मामांनी मला डब्याखाली वाकायला लावलं. चाकाच्या आसावरून गेलेला रुंद पट्टा दाखवला. गाडी पळाली की हा फिरतो, ह्याच्यावर डायनामो फिरतो, बॅटऱ्या भरतात. "म्हंजी बघ पोरी, चालती गाडी सोताचा उजेड सोताच करती."

मग मला एकटीला रिकाम्या डब्यात चढवलं. मी त्याआधी कधी रेल्वेत बसले नव्हते, सर. तुम्हाला ते ठाऊक नसावं. खाली उभे राहून मामांनी कुठलं बटण ते ओरडून सांगितलं आणि मी ते वर केलं. एक क्षण काही नाही. मग एकेक पंखा जडपणे जागा झाला, दिवे लागले, भर दुपारी, कुणी नसलेल्या डब्यात. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. दोन्ही बाजूंना रिकामे बाक, वर गरगरणारी पाती, माझे केस उडताहेत, आणि गाडी उभी असूनही मला वाटतंय की आपण निघालोय. किती वेळ चालले, सांगता येणार नाही. दुसऱ्या दारात तुम्ही उभे होतात. हात देऊन खाली उतरवलंत. दुसऱ्या दिवशी वर्गात तुम्ही पुन्हा ते दोन गोल काढलेत आणि फटीवर खडू ठेवलात, तेव्हा पंख्याचा वारा तोंडावर आल्यासारखं वाटलं. कळलं, असं म्हणायचं धाडस नाही करत. पण मोटार आता खडूची राहिली नव्हती.

तुम्ही गेल्याचं मला शिरूरच्या स्टँडवर वर्गातल्या एकानं सांगितलं, तुम्ही जाऊन दोन महिने झाल्यावर. मी तेव्हा अप्रेंटिसला होते. पुढं मीही शिकवायला लागले, दौंडलाच, तसल्याच कोर्सला. आता माझ्या वर्गात नऊ मुली आहेत. दरवर्षी त्यांना बाहेर नेते. पत्रं लिहिते, फोन करते, गेटवर आधी मी उभी राहते. गेल्या आठवड्यात एका कारखान्यातून परतताना बसमध्ये एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुमच्या टायमाला पोरींना सोडायचे का आत?" मी नेहमीसारखी तुमची गोष्ट सांगितली. सांगून संपल्यावर मुलींचे डोळे चमकत होते, बाहेर ऊस मागं पळत होता. आणि मी त्यांच्याकडून तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागले.

कारण सर, मी ती गोष्ट खरी सांगत नाही. पहिल्या वर्षापासूनच नाही. मी सांगते की त्या गेटवर तुम्ही म्हणालात, "मुलगी नाही तर आम्हीही नाही," आणि टेम्पो परत फिरवलात. पोरींना ते फार आवडतं. मलाही आवडायचं. पण त्यात तुम्ही आमच्या घोंगडीवर येऊन बसत नाही, वडिलांसमोर मला "चूक झाली" म्हणत नाही. तेवढं करायला टेम्पो फिरवण्याहून जास्त बळ लागतं, ते मी तुमच्याकडून काढून घेतलं. आणि त्यात मैत्रीणही नाही. टेम्पो फिरला असता तर ती वर्गात राहिली असती ना, मग ती गेली कुठं, हे सांगावं लागलं असतं. म्हणून मी ती काढूनच टाकली. माझ्या गोष्टीत वर्गात एकच मुलगी असते.

उद्या वर्गात खरं सांगेन म्हणते. हे लिहिलंय ते कपाटात ठेवीन, पाठवायला जागा नाही. एक मात्र तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. मैत्रिणीचं सासर केडगावजवळ आहे, माझ्या घरापासून गाडीवर अर्धा तास. मला ते पहिल्यापासून माहीत आहे. तुम्ही तिच्या दारात जाऊन आला होतात. मी अजून गेलेली नाही.