तोंडी परीक्षा

४ ऑगस्ट
चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.
शाळेचं छत दुरुस्त होईपर्यंत तुमचे वर्ग मोबाईलवर, आणि घरातला एकुलता एक मोबाईल माझ्याजवळ, इथे बांधकामावर. म्हणून जेवणाच्या सुट्टीत तुझ्या जागी मी बसतो. बाईंची परवानगी घेतली आहे. आज अपूर्णांक झाले. दोन पंचमांश हे दोन तृतीयांशाहून मोठे, ध्यानात ठेव. हाताला गिलावा लागलाय, म्हणून अक्षर असं.
तुझा,
बाबा

९ ऑगस्ट
ती. बाबांस सा. न.
बाबा, चुकलं! एका फरशीचे पाच तुकडे केले तर तुकडा मोठा, की तीन केले तर? आई म्हणते, गवंडी असून फरशी विसरला हा माणूस. जेवणाच्या सुट्टीत जेवता, की नुसतेच शिकता, असंही विचारतेय.
लोभ आहेच, अभ्यास वाढवावा.
तुमची,
चिमणी

१४ ऑगस्ट
चि. चिमणीस आशीर्वाद.
मुकादम पोट धरून हसला. पण एक अडचण आहे. बावीस तारखेला तोंडी परीक्षा. ती मोबाईलवर तुलाच द्यावी लागेल, नाहीतर वर्ष वाया जाईल, असं बाई म्हणाल्या. मला रजा नाही. मोबाईल आहे तो शेजारी, काकाकडे. चार वर्षं आम्ही बोललो नाही. अंगणातली भिंतही मीच घातली. त्याच्याकडे जा म्हणायला मला तोंड नाही. जाऊ नकोस असंही म्हणत नाही.
बाबा

२३ ऑगस्ट
ती. बाबांस सा. न.
गेले. दारातच काकांना सांगितलं की मोबाईल तेवढा द्या, भांडण नंतर चालू ठेवा. काकूला हसू आवरेना. रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर येते. काका माझ्यामागून शिडी चढले आणि तासभर मोबाईल धरून उभे राहिले. दहापैकी नऊ बरोबर! दहावंही येत होतं, पण काका मध्येच उत्तर बोलून बसले, तेही चुकीचं. आवाज ऐकून बाईंना वाटलं, तुम्हीच. बाबांनी मध्ये बोलायचं नाही, असं त्यांनी चांगलं खडसावलं. काकांनी मुकाट्यानं माफी मागितली. आपण बाबा नाही, काका आहोत, हे काही ते बोलले नाहीत. खाली उतरल्यावरही नाही.
मी पास आहे.
तुमची,
चिमणी

२८ ऑगस्ट
चि. धाकट्यास आशीर्वाद.
चार वर्षांनी लिहितोय, म्हणून कामाचंच लिहितो. पाच तारखेला मोबाईलवर पालकसभा आहे. मी तेव्हा कामावर असेन. बाईंची बोलणी माझ्या नावावर खाल्लीस, आता पोरीचं कौतुकही तूच ऐक. सभेत मात्र तोंड बंद ठेव.
माझ्याशी उघडलंस तरी चालेल.
तुझा,
दादा