बर्फवाल्याचा एसी

१९ एप्रिल, रविवार
मिसा सुटल्यावर चुलतभाऊ ब्लेझने नवी गाडी चर्चसमोर चालू ठेवली. काचा बंद, एसी फुल. बायका आळीपाळीने आत बसून आल्या. माझी बायको सेवरीनाही. उतरून म्हणते, "काय थंडगार आसा रे ब्लेझ तुझी गाडी!"
डोक्यावरून बर्फ वाहून मी मालवणात बर्फाचा कारखाना उभा केला. बावीस वर्षं झाली. माझ्या बर्फाला ती एकदाही थंडगार म्हणाली नाही.

२१ एप्रिल
आपल्या गाडीचा एसी लावून बघितला. गरम वारा. नाताळपासून लावलाच नव्हता, खाडीचा वारा असताना कशाला?
कुंपणापलीकडे मेहुणी फेबी. मी ऐकत नव्हतो, कान तिखट, ऐकू आलं. तिच्या मुलीचं, सँड्रीनाचं लग्न नऊ मेला, दुपारी चारला. "भावोजींच्या गाडयेत चेडवाचो मेकअप वितळतलो. ब्लेझाकच सांगूया."
सँड्रीना चार दिवसांची असल्यापासून ठरलंय, चर्चला तिला मी नेणार. मी तिचा गॉडफादर. ब्लेझ कोण? गाडीवाला.

२२ एप्रिल
कुडाळच्या ओमकार मेकॅनिकला फोन. "काका, घेऊन येवा, अर्ध्या तासाचा काम." पण त्याचं गॅरेज हायवेवर, आणि ब्लेझ बँकेत जाता-येता तिथूनच जातो. बघेल. हसेल.
निर्णय: स्वतः करायचं. कारखान्यातला कंप्रेसर कुरकुरला तर मला चहा पिताना कळतं. गाडीतला तर नारळाएवढा. शिवाय नाताळात हॉर्न बंद पडला तो मीच पाच मिनिटांत चालू केला होता. त्याची आठवण कोणी काढत नाही.

२५ एप्रिल
इंजिन चालू ठेवून अर्धा तास कान लावला. निदान: दोष डॅशबोर्डच्या मागे. कान भाजला.

२८ एप्रिल
डॅशबोर्ड खोलला. चौदा स्क्रू. आत वायरीच वायरी. दोष लाजून बसलाय.

२९ एप्रिल
डॅशबोर्ड बसवला. अकरा स्क्रू लागले. कंपन्या उगाच जास्तीचे देतात. डावी काच आता वर येत नाही. हवा खेळती राहील.

२ मे
ब्लेझ आला. गोड आवाजात, "दादा, फ्यूज बघितलंस?" फ्यूज म्हणे! बँकेतल्या माणसाने कंप्रेसरवाल्याला शिकवायचं! सोलकढी पाजून वाटेला लावला. सेवरीनाने त्याला तळलेला सरंगाही वाढला. माझ्या वाट्याचा.
त्याच्या गाडीत मेलो तरी पाय ठेवणार नाही.

६ मे
फेबीने ब्लेझला विचारलंच. पण सँड्रीना अडून बसली: "माका अंकलच्याच गाडीतसून जावचा आसा." कुंपणाअलीकडे माझे डोळे भरले. आता एसी झालाच पाहिजे.

८ मे
झाला नाही. पण नीट विचार केला तर प्रश्न एसीचा नाहीच, गारव्याचा आहे. आणि या गावात गारवा कोण विकतो?

९ मे, दुपारी ३
मागच्या सीटपुढे दोन क्रेट, त्यात फोडलेला बर्फ. वर बॅटरीचा पंखा. क्रेट बांगडे ठेवायचे, पण दोनदा धुतलेत. ब्लेझ बघतच राहिला. जळतोय बिचारा.

९ मे, संध्याकाळी ७
गारवा उत्तम होता, हे आधी नोंदवतो.
वळणावर क्रेट कलंडला. पाणी गाऊनच्या शेपटीत मुरलं. चर्चच्या पायरीवर तीन मांजरं नवरीची वाट बघत होती. ती पुढे जाईल तसा बाकाबाकावर रुमाल नाकाला. फादरसुद्धा आशीर्वाद जरा घाईतच देऊन मोकळे. ब्लेझची बायको सेंटची बाटली घेऊन धावली. पोर मात्र माझ्या गळ्यात पडून हसली, "अंकल, थंड मात्र झक्क वाटला!"
ओमकार नवऱ्याकडचा पाहुणा निघाला. त्याने आपणहून बॉनेट उघडलं. "काका, एसीचो फ्यूज खंय?"
मी म्हटलं, हॉर्नात. नाताळात मीच इथला काढून तिथे घातला होता.
म्हणजे एसी बिघडलाच नव्हता. माझं काम पक्कं होतं, फक्त हॉर्नाच्या बाजूने.
त्याने खिशातला नवा फ्यूज बसवला. एसी चालू झाला आणि बांगडा गाडीभर गार होऊन फिरू लागला. आत कोणी बसेना. मीही नाही.
नवराबायको ब्लेझच्या गाडीतून हॉलवर गेली. मग तो आम्हाला न्यायला परत आला. सेवरीना पुढे बसली, मी मागे.
थंडगार होती.