नागपूर, विमानाने दीड तास

२२ सप्टेंबर

तिकिटं काढली एकदाची! उजळाईवाडी विमानतळ ते नागपूर, दोन सीट. सरळ रेषेत सातशे किलोमीटर, दीड तास. रेल्वेनं अख्खा दिवस जाऊन वर आणखी काही तास. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय — आईच्या छातीला आता गाडीची गर्दी झेपायची नाही. दीक्षाभूमीला जायचंच असेल तर विमानानं न्या.

आईला सांगितलं तर म्हणाली, "दीड तासात काय बोलून हुतंय?" दरवर्षी ती वस्तीतल्या बायकांबरोबर रेल्वेनं जाते. भाकरी-चटणी, भीमगीतं आणि शेजारी तिची मैत्रीण धोंडुमावशी.

२३ सप्टेंबर

झोप नाही. वर गेल्यावर तिला दम लागला तर? मोबाइलवर तेच अंतर परत परत बघतेय. बघून कमी होणार आहे का!

२ ऑक्टोबर

माती खाल्ली मी. धोंडुमावशी आईला विचारायला आल्या, "मीनाबाई, कवाचं इमान?" मी ऐटीत सांगितलं, तेराचं; चौदाला दीक्षाभूमी. मावशी बघतच राहिल्या. "अगं, दसरा वीसला हाय की!"

बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली ती तारीख चौदा ऑक्टोबर, शाळेपासून पाठ. पण त्या वर्षी तो दसरा होता, आणि आमची वस्ती जाते ती दसऱ्यालाच. जन्मभर बघत आले, तिकीट काढताना डोकं कुठं होतं कोण जाणे. आई हसली. "नाव दीक्षा, आन् ह्ये ठावं न्हाय व्हय तुला?"

तारीख बदलायला गेले तर दसऱ्याच्या आधीची विमानं भरलेली. आईच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. काढलंयस तर जाऊ."

१४ ऑक्टोबर, नागपूर

विमानात आईला काही झालं नाही. खिडकीला नाक लावून बसली होती. घाम मलाच फुटला होता.

स्तूपासमोर निवांत बसायला मिळालं. माणसं होती, पण तुरळक. ती सारखी वळून फाटकाकडं बघत होती. कोण यायचंय का, विचारलं. "न्हाय. आपली माणसंच न्हाईत की गं." वाईट वाटलं, आणि रागही आला. एवढा आटापिटा केला तो कुणासाठी? तसं तोंडावर बोलूनही गेले.

१६ ऑक्टोबर

घरी. समोर धोंडुमावशींची पिशवी भरणं चाललंय, आई दारात बसून बघतेय.

१८ ऑक्टोबर

बाजार करून आले तर घराला कुलूप. तिची पांढरी साडी जागेवर नाही. फोन लावला तर मागे गाण्यांचा गलका. "तुझ्या इमानानं गेले, आता माझ्या गाडीनं जाते. धोंडुबाईनं जागा धरलीया. घोर लावून घेऊ नगंस." आणि फोन बंद! गोळ्या तरी घेतल्या असतील का?

संध्याकाळपर्यंत येरझाऱ्या घातल्या. उद्याच्या विमानात कुणाची तरी सीट रद्द झाली, ती काढली. गाडी पोचायच्या आत मी नागपूरच्या फलाटावर उभी असेन. मग बघते तिच्याकडं.

१९ ऑक्टोबर, नागपूर स्टेशन

गाडी यायला अजून वेळ आहे. आत्ताच धोंडुमावशींचा फोन. "मीनाबाईला अकोल्यात उतरवलंय. दवाखान्यात हाय. तुझंच नाव घ्यायला लागलीया."

अकोला मागं राहिलं. तिथं जायला विमान नाही.