स्वयंपाकघराच्या भिंतीतले भोक राहू देण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पुनर्वसन गृहप्रकल्प विभाग

विषय: स्वयंपाकघराच्या भिंतीतले भोक बुजवण्याची नोटीस रद्द करणे.
संदर्भ: आपल्या विभागाने काल आमच्या दारावर चिकटवलेली नोटीस.

महोदय,

अर्जदार पदार्थविज्ञानाची पदवीधर असून तिसऱ्या मजल्यावर आईवडिलांसह राहते. दोघेही जन्मापासून कर्णबधिर आहेत आणि हातांच्या खुणांनी बोलतात. बोलतात म्हणजे भरपूर बोलतात; भांडतात, टोमणे मारतात, एकमेकांच्या घरच्यांची उणीदुणी काढतात. त्यासाठी समोरचा दिसावा लागतो, एवढेच.

१. आपण पाडलेल्या जुन्या घरात एकच मोठी खोली होती आणि जमीन लाकडी फळ्यांची. कोणाची पाठ असली तर दुसऱ्याने पाय आपटायचा. फळी थरथरली की माणूस वळून बघे. ती त्यांची हाक. आपण दिलेल्या सदनिकेत स्वयंपाकघर ही बंद खोली आहे आणि जमीन काँक्रीटची. आईने कितीही पाय आपटले तरी बाबांच्या तळव्यांना काही कळत नाही. हाक जाते ती थेट खालच्या काकूंना, आणि त्या तक्रार करतात.

२. गेल्या महिन्यात आईच्या हातावर उकळते पाणी सांडले. बाबा भिंतीपलीकडे शब्दकोडे सोडवत बसले होते. ती भाजलेला हात धरून त्यांच्यासमोर येईपर्यंत त्यांना पत्ता नव्हता. "मी इथेच होतो गं," हे एकच ते अर्जदाराला दिवसभर खुणांनी सांगत राहिले. त्या रविवारी अर्जदाराने मंजूर नकाशा पाहून, ही भिंत भार घेणारी नाही याची खात्री करून, ओट्यासमोर खिडकीएवढे भोक पाडले. धूळ खाली बसते न बसते तोच आईचे हात पलीकडे बोलले: "चष्मा कपाळावर आहे, शोधू नका." त्या दिवसापासून पाय आपटणे बंद आहे.

३. काकूंच्या जुन्या तक्रारीच्या चौकशीला आपले कनिष्ठ अभियंता आले. तक्रारीचे कारण उरले नव्हते, म्हणून त्यांनी भोक पाहिले. सगळे ऐकून ते म्हणाले, "अहो ताई, ज्यांना ऐकूच येत नाही, त्यांना भिंतीची कसली अडचण?" वर मोठ्या आवाजाची बेल बसवून घेण्याचा सल्ला देऊन गेले.

४. याच इमारतीच्या वाहनतळात, समोरून येणारी मोटार दिसावी म्हणून आपण वळणावर आरसा लावला आहे. मोटारींना हॉर्न असूनही. नवराबायकोने एकमेकांना दिसावे, हे मात्र नकाशा काढताना कोणाच्याही डोक्यात आले नाही. घरात कोण राहणार, ते दिवसभर एकमेकांशी कसे वागतात, हे विचारायला आपला एकही माणूस आला नाही. भोक मोजायला मात्र त्यानंतर दोघे आले.

अर्जदार हे भोक बुजवणार नाही. आपला गवंडी पाठवायचाच असेल, तर शेवटची वीट बसताना आई कोणत्या बाजूला असावी आणि बाबा कोणत्या, हे आपल्या सहीने आधी कळवावे. म्हणजे ते दोघे एकमेकांना दिसत आहेत तोवर अर्जदाराला ते त्यांना सांगता येईल.

अजून तरी आपली नम्र,
(सही)
तिसऱ्या मजल्यावरची मुलगी
दिनांक: नोटिशीच्या दुसऱ्या दिवशी

सोबत: नोटिशीची प्रत, भिंत दाखवणारा मंजूर नकाशा, आईच्या हाताबाबत दवाखान्याचा दाखला.